आत्या पूल ओलांडते

बेव्हर्लीचा पोस्टातून फोन आला तेव्हा वेर्ना वकिलांच्या ऑफिसात बसून कुणाचं तरी मृत्युपत्र टाइप करत होती. नोव्हेंबरची चौदा तारीख होती. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मुहूर्त, त्यामुळे वकीलसाहेब सकाळीच जंगलातल्या झोपडीवर पळाले होते आणि अर्धं गाव त्यांच्या मागोमाग निघालं होतं.

"तुझी आई आलीय," बेव्हर्ली दबक्या आवाजात म्हणाली. "बरोबर पडद्याच्या दांड्यांचं लांबोडकं खोकं आहे. आत काय विचारलं तर म्हणते, आत्या."

"बरं."

"बरं काय? वेर्ना, मी या गावात नवी आहे, इथे काय चालतं मला ठाऊक नाही. ती म्हणते, आत्या गोधडीत नीट गुंडाळलीय, हलायची नाही, आणि थंडीची तिला सवय आहे. मी पोलिसांना फोन करू का?"

"आत्या म्हणजे बंदूक आहे, बेव्हर्ली. बाबांची रायफल."

"हां, मग ठीक आहे," बेव्हर्लीने सुटकेचा श्वास सोडला, आणि दोन क्षणांनी तिचं तिलाच उमगलं. "ठीक कसलं? तू ये बघू इकडे."

रायफलचं हे नाव वेर्नाच्या आजोबांनी ठेवलेलं. वर्षभर दाराआड गप्प उभी असते, नोव्हेंबरात एकदाच तोंड उघडते, आणि उघडलं की चार मैलांवर ऐकू जातं आणि खांदा आठवडाभर दुखतो. तेव्हा हुबेहूब आपली हिल्या आत्याच, असं ते म्हणाले होते. हिल्या आत्या जाऊन पन्नास वर्षं झाली. बंदुकीचं नाव मात्र टिकलं, आणि कांगास घराण्यातल्या पोरांना आत्या हे नातंही असतं हे शाळेत गेल्यावर कळायचं.

वेर्ना पोचली तेव्हा लेम्पी खिडकीपुढे ताठ उभी होती. वय एक्याऐंशी, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची कानटोपी, आणि बाहेर पायरीशी तिची पोटकुरी, म्हणजे खुर्चीला लांब लोखंडी पट्ट्या लावलेली घसरगाडी. मागच्या पट्ट्यांवर एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्याने बर्फ रेटत जायचं. खोक्यावर चिकटपट्टी इतकी होती की पुठ्ठा दिसत नव्हता.

"बाई नवीन आहेत," लेम्पीने लेकीला सांगितलं. "त्यांना पार्सल घेता येत नाही."

"मला पार्सल घेता येतं," बेव्हर्ली म्हणाली. "दुसऱ्या राज्यातल्या साध्या माणसाच्या नावाने बंदूक घेता येत नाही. राज्याबाहेर पाठवायची तर परवानावाल्या दुकानदाराकडेच पाठवावी लागते."

"कसलं दुसरं राज्य? तुमच्या या खिडकीतून घर दिसतंय. ते हिरवं छप्पर, धूर निघतोय ते."

"ते विस्कॉन्सिन आहे, आजी. आपण मिशिगनात."

"तो रूडी आहे," लेम्पी म्हणाली.

बेव्हर्लीने खिडकीतून पाहिलं. नदी, नदीवरचा छोटा पूल, आणि पुलाच्या पलीकडे चौथं घर. "मग तुम्ही चालत का नाही जात?" तिने अगदी भाबडेपणाने विचारलं.

लेम्पीने टोपी कानांवर ओढली. गावात नवीन माणसाला हे कसं सांगायचं? फेब्रुवारीत लेम्पीचा नवरा अर्वो गेला. चर्चच्या तळघरात अंत्यविधीची कॉफी चालू असताना त्याचा मुलगा रूडी पाद्रीबाबांना म्हणाला, "बाबांना शेवटी शेवटी काही उमजत नव्हतं." ते लेम्पीने ऐकलं. तिने कप खाली ठेवला आणि साऱ्या बिरादरीसमोर जाहीर केलं, की माझ्या नवऱ्याचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं, आणि हा जोवर आपले शब्द परत घेत नाही तोवर माझं पाऊल विस्कॉन्सिनला लागणार नाही. त्याला नऊ महिने झाले होते. रूडीनेही शब्द परत घेतले नव्हते, कारण तोही कांगासच.

"माणसाशी अबोला आहे," लेम्पी म्हणाली. "आत्याशी नाही. उद्या मुहूर्त आहे. झोपडीवर आत्या नाही असं सत्तर वर्षांत झालं नाही. म्हणून पाठवतेय."

आमच्या फिनिश लोकांत क्षमा कुणी मागत नाही आणि कुणी करत नाही. आम्ही वस्तू पाठवतो. त्यामुळे त्या खोक्यात काय आहे हे वेर्नाला बेव्हर्लीपेक्षा जास्त चांगलं कळलं आणि ती मनातून हरखली. नऊ महिने ती या दोघांचे निरोप ने-आण करून विटली होती.

"भरलेली नाहीये ना?" तिने सवयीने विचारलं.

"अर्वोने भरलेली बंदूक कधी उंबऱ्याच्या आत आणली नाही," लेम्पी म्हणाली.

हे कांगास घराण्याचं वेदवाक्य. वेदवाक्य कुणी उघडून बघत नाही. वेर्नाने खोकं उचललं.

रूडीची बायको डार्लीन रोज दुपारी पूल ओलांडून सासूकडे येई. नवरा आणि सासू यांच्यातली ती राजदूत. आज तिने गरम पास्ट्या, म्हणजे मांस आणि सलगम भरून भाजलेल्या मोठाल्या करंज्या, आणल्या होत्या. पण लेम्पीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं, की टेबलावर पास्ट्यांना जागाच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकं पसरलं होतं, आणि त्याच्या एका बाजूला सासू आणि दुसऱ्या बाजूला नणंद कोर्टात बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"हे घेऊन जा," लेम्पी डार्लीनला म्हणाली. "नवऱ्याला दे. काही बोलू नकोस."

"हात लावू नकोस," वेर्ना म्हणाली. "गुन्हा आहे."

"पास्ट्या कुठे ठेवू?" डार्लीनने विचारलं.

पास्ट्या चुलीवर गेल्या आणि वेर्नाने तीस वर्षं वकिलाकडे टायपिंग करून मिळवलेली विद्या बाहेर काढली. एका राज्यातल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला बंदूक परस्पर विकायची नाही आणि भेटही द्यायची नाही. पोस्टाने नाही, हाताने नाही, लेकालासुद्धा नाही. मध्ये परवानावाला दुकानदार हवा. त्याच्याकडे रूडीने अर्ज भरायचा, वरून चौकशी होणार, होकार आला की मग न्यायची.

"आणि बाबांनी मृत्युपत्रात 'आत्या रूडीला' असं लिहिलं असतं," ती पुढे म्हणाली, "तर यातलं काही लागलं नसतं. रूडीने येऊन उचलून नेली असती. पण बाबांनी सगळं तुझ्या नावावर केलं."

लेम्पीने खोक्यावर थाप मारली. "म्हणजे मेलेला माणूस पुलापलीकडे बंदूक देऊ शकतो. जिवंत नाही."

"साधारण तसंच."

"मग माझं मृत्युपत्र कर. आजच. उद्या पहाटेपर्यंत जमेल मला."

"आई, पास्टी घ्या," डार्लीन घाईघाईने म्हणाली.

पास्टी खाताना डार्लीनच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. "माझ्या नावावर केली तर? अर्ज मी भरते. बंदूक घरात येते. मग घरात कोण कुठे ठेवतं ते कोण बघतंय?"

"तूही विस्कॉन्सिनचीच," वेर्ना म्हणाली. "शिवाय अर्जावर पहिलाच प्रश्न असतो, ही तुम्ही स्वतःसाठी घेताय का? तू हो लिहिणार?"

डार्लीनला आवाजाचा इतका तिटकारा की ती फुगेसुद्धा फोडू देत नसे. तिने मान हलवली आणि आपली युक्ती कॉफीबरोबर गिळली.

"ठरलं तर," लेम्पी उठली. "पुलाच्या मधोमध राज्याच्या हद्दीची पितळी पट्टी आहे. मी पट्टीच्या या बाजूला उभी राहीन, तो त्या बाजूला. मी माझ्या राज्यात, तो त्याच्या. आत्या आपली आपण जाईल."

"आई, कायदा पट्टीवर नाही गं चालत."

"तीस वर्षं टायपिंग करून तुझ्या बोटांना अक्कल आली, डोक्याला नाही," असं म्हणून लेम्पी बूट घालायला बाहेर गेली.

दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडे बघत राहिल्या. यांचं एरवी फारसं पटत नसे. लग्नातल्या केकवरून एकोणीसशे एक्याण्णव सालापासून एक खुसपट होतं. पण आता डार्लीनची नजर खिडकीतून पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथे अर्नी सालोचं दुकान होतं. गळाचे किडे, जिवंत मासोळ्या, हातमोजे, आणि मागच्या भिंतीवर बंदुका विकायचा सरकारी परवाना.

"अर्नीला फोन केला तर?" ती हळूच म्हणाली.

"मी करते," वेर्ना म्हणाली. "तू रूडीला बाहेर काढ. आई मधोमध पोचली की पुढचं अर्नी बघेल."

केकचं खुसपट तिथेच मिटलं, आणि दोघींना लहान मुलींसारखं हसू फुटलं. लेम्पीने बाहेरून ओरडून विचारलं, की आत काय शिजतंय.

रूडी कांगासला पुलावर येऊन पाच मिनिटं झाली होती आणि त्याचे कान गारठले होते. बायकोने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "टोपी घाल आणि पुलावर ये, तुझी आई आत्याला घेऊन निघालीय." तो टोपी विसरला. आता समोरून येणारी वरात बघून त्याला हसावं की पळावं ते कळेना. पोटकुरीच्या खुर्चीवर आडवं बांधलेलं खोकं, मागच्या पट्ट्यांवर उभी आई, तिच्या मागे धापा टाकत रेटणारी वेर्ना, आणि बाजूने पास्टीचं भांडं घेऊन डार्लीन.

पितळी पट्टीपाशी गाडी थांबली. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने नदीकडे पाहिलं.

"त्याला सांग, टोपी कुठाय?" ती वेर्नाला म्हणाली.

"टोपी कुठाय?" वेर्नाने रूडीला विचारलं.

"मला ऐकू आलं," रूडी म्हणाला.

"त्यांना सांग, विसरला म्हणावं," डार्लीन उगाचच मध्ये पडली, आणि आपण आता कोणत्या बाजूच्या राजदूत आहोत हे तिचं तिलाच कळेनासं झालं.

लेम्पीने दोरी सोडायला घेतली. रूडीने खोक्याकडे हात केला. तेवढ्यात दुकानाचं दार धाडकन उघडलं आणि अर्नी सालो, वय त्र्याऐंशी, रबरी ॲप्रन आणि हातात मासोळ्यांची जाळी, असा पुलावर धावत आला.

"कुणीही कुणाला काहीही देऊ नका," तो म्हणाला. "रूडी, हात खाली. लेम्पी, खोक्याचं ते टोक माझ्या पोटाकडे आहे, ते नदीकडे कर. हां. आता दुकानात चला."

"तू इथेच घे," लेम्पी म्हणाली.

"माझा परवाना त्या चार भिंतींत आहे. पुलावर मी नुसता एक म्हातारा आहे."

"ते मला साठ वर्षांपासून माहीत आहे."

अर्नी लाजला. साठ वर्षांपूर्वी गावजत्रेतल्या नाचात लेम्पीने त्याला नाही म्हटलं होतं आणि अर्वोला हो. पण परवान्याच्या बाबतीत तो ढिम्म हलला नाही. बंदूक कुणाच्या हातून आली ते त्याच्या वहीत लिहायला लागतं, देणारीने स्वतः दुकानात येऊन ओळखपत्र दाखवायचं, आणि रूडीने होकार येईपर्यंत बोटही लावायचं नाही.

लेम्पीने पितळी पट्टीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. बूट पोटकुरीच्या पट्ट्यांवर होते. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक लबाड हसू पसरलं.

"माझे पाय मिशिगनातल्या लोखंडावर आहेत," ती म्हणाली. "ते तसेच राहतील. ढकला मला."

वेर्नाने ढकललं. गाडी पट्टीवरून खडखडत गेली आणि लेम्पी कांगास पाऊल न टाकता विस्कॉन्सिनात शिरली. दुकानापुढे चढ होता. तिथे वेर्ना घसरली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बर्फात बसून हसतच सुटली. गाडी मागे यायला लागली. तेव्हा रूडी आईच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात तिच्या हातांच्या बाजूला दांडीवर टेकवले आणि रेटू लागला. बाबांच्या टोपीला तंबाखूचा वास होता. आई किती हलकी झालीय हे त्याला तिथे कळलं आणि त्याचा जीव गलबलला.

पोटकुरी उंबरा ओलांडून थेट शेगडीपर्यंत नेण्यात आली. लेम्पी तिच्यावर उभी राहिली. मासोळ्यांच्या टाकीत पाणी बुडबुडत होतं. डार्लीनने कात्रीने चिकटपट्टी कापली, ते करायला सहा मिनिटं लागली, आणि गोधडीतून आत्या बाहेर आली. तिचा दस्ता अर्वोच्या गालाने झिजून गुळगुळीत झाला होता.

"रिकामी आहे ना?" अर्नीने विचारलं.

"अर्वोने कधी भरलेली..." तिघीही एकदम सुरू झाल्या.

"मी अर्वोला नाही विचारत." अर्नीने नळी मागच्या दगडी भिंतीकडे केली, बोटं चापापासून लांब ठेवली आणि बोल्ट मागे ओढला.

एक जिवंत काडतूस टणकन बाहेर उडालं. ते फळीवर आपटलं, खाली पडलं, लाकडी जमिनीवरून घरंगळत गेलं आणि पोटकुरीच्या पट्टीला लागून थांबलं.

मासोळ्यांचं पाणी तेवढं बुडबुडत राहिलं. वेर्नाला आठवलं, की ईस्टरला तिची तिन्ही नातवंडं त्याच दाराआड लपाछपी खेळत होती. मग तिला आठवलं, की आपण तासाभरापूर्वी ते खोकं काखोटीला मारून पोस्टातून आणलं. ती मटकन हातमोज्यांच्या ढिगावर बसली.

अर्नीने बोल्ट पुन्हा मागे-पुढे केला, काडतुसांची पेटी तपासली, आत बोट घालून पाहिलं आणि बंदूक उघडी फळीवर ठेवली. "एकच होतं," तो म्हणाला.

रूडी आईकडे बघत होता. गेल्या वर्षी याच दिवशी त्याने बाबांना म्हटलं होतं, की या वर्षी आत्या घरीच राहू दे. त्यावर आईने त्याला दाराबाहेर काढलं होतं. आपलं खरं ठरलं, आणि ते इतकं लखलखीत खरं ठरल्यावर त्याला ते नकोसं झालं. आईचा चेहरा असा कधी दिसला नव्हता.

"ते मीच ठेवलं असेल," तो म्हणाला. नऊ महिन्यांत तो प्रथमच थेट तिच्याशी बोलत होता. "मागे कधीतरी. साफ करताना. बाबा असं करणारच नाहीत. मी चर्चमध्ये बोललो ते चुकीचं होतं, आई. ते शब्द मी परत घेतो."

लेम्पी काडतुसाकडे बघत होती. ती पोटकुरीवरून उतरली. दोन पावलं चालली, वाकली आणि ते उचललं. डार्लीनने तिच्या बुटांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तुझ्या हातात आत्या होती कधी, साफ करायला?" लेम्पी म्हणाली. "बापाने तुला फडकंसुद्धा धरू दिलं नाही. खोटं बोलणं तुला चौथीत जमत नव्हतं, अजून जमत नाही."

"आई, जाऊ दे."

"नाही जाऊ देत. घेऊ नकोस शब्द परत. मी सांगते." तिने काडतूस मुठीत धरलं. "गेल्या वर्षी मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी तो एकटाच बाहेर पडला. सौनाच्या खोपटामागे, बर्फात, पायात चपला. मी गेले तर आत्याला धरून उभा होता, आणि त्याला कळत नव्हतं की हरणं कुठल्या बाजूला असतात. मी त्याचा हात धरून घरी आणला. बंदूक दाराआड ठेवली. आत बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं. मला कळायचं नव्हतं."

"मला सांगायचंस," रूडी म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू खरा ठरला असतास." तिचे डोळे भरले, पण तोंडाचा एक कोपरा मात्र वर गेला. "आणि एक सांगू? डिसेंबरात तो माझं नाव विसरला. रोज सकाळी उठायचा, माझ्याकडे बघायचा, विचार करकरून थकायचा. मग एक दिवस त्याला नाव सापडलं. कॉफी दिली तर म्हणाला, आभारी आहे, आत्या."

अर्नी मासोळ्यांना खायला घालायला वळला.

"साठ वर्षं संसार केला मी," लेम्पी म्हणाली. "आणि शेवटी पदरात काय, तर बंदुकीचं नाव. मरेपर्यंत आत्याच म्हणत होता. आत्या, ये. आत्या, मोजे कुठायत. एकदा तर म्हणाला, आत्या, तुला तेल घालायला हवं."

पहिला आवाज डार्लीनचा निघाला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला आणि तो नाकावाटे आला. मग हातमोज्यांच्या ढिगावरून वेर्ना, मग रूडी, आणि मग स्वतः लेम्पी, सगळी फळीला धरून हसू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. अर्नी मासोळ्यांना उगाचच दुसऱ्यांदा खायला घालत होता.

नंतर अर्ज झाला. रूडीने चष्मा विसरल्यामुळे प्रश्न अर्नीने वाचून दाखवले, आणि तू कायद्यापासून पळत असलेला आहेस का, या प्रश्नावर लेम्पी मध्येच म्हणाली, की तो फक्त आईपासून पळत होता. अर्नीने तिला गप्प बसवलं. उत्तरं ज्याची त्यानेच द्यायची. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी चौकशीचा फोन लागेना. अर्नी कानाला रिसीव्हर लावून पाऊण तास तेच वाद्यसंगीत ऐकत राहिला, आणि तेवढ्यात पास्ट्या संपल्या.

"विक्री की भेट?" मध्येच त्याने विचारलं.

"विक्री," लेम्पी म्हणाली. "सुरी आणि बंदूक फुकट देत नाहीत. फुकट दिलेली मालकाकडे वळते."

रूडीने खिसे चाचपले. एक गळ निघाला, एक खिळा, आणि अस्तरात अडकलेलं एक नाणं. लेम्पीने नाणं चावून पाहिलं आणि बिनतक्रार खिशात टाकलं.

अखेर फोनमधून कुणीतरी बोललं. अर्नीने "हो," म्हटलं, "हो," म्हटलं, आकडा लिहून घेतला आणि रिसीव्हर ठेवला. "होकार आला," तो म्हणाला. "आत्या रूडीची."

रूडीने बंदूक हातात घेतली आणि सर्वांत आधी नळी भिंतीकडे करून उघडून पाहिली. मग वेर्नाने पाहिली. मग डार्लीननेही पाहिली, डोळे अर्धे मिटून. मग लेम्पीने हात पुढे केला.

"मला दाखव कसं उघडायचं."

रूडीने दाखवलं. साठ वर्षं ती बंदूक तिच्या घरात होती, पण तिने आजवर तिच्यावरची धूळ तेवढी झटकली होती. आता तिने बोल्ट मागे ओढला आणि करंगळी आत घातली. पोलाद गार होतं. तिने नीट, कडेकडेने बोट फिरवून पाहिलं, मग बोट काढलं आणि कोटाच्या खिशातल्या काडतुसावरून हात फिरवला.

"रिकामी आहे," ती म्हणाली. "आता ने."

"ते काडतूस मला देऊन टाक, लेम्पी," अर्नी म्हणाला. "सांभाळून ठेवायला हवं."

"तिजोरीत ठेव. पण ते अर्वोचं आहे. ते विकायचं नाही," ती म्हणाली आणि त्याच्या तळहातावर ठेवताना जरा वेळ तिची बोटं निघाली नाहीत.

आत्या नव्या कुलुपाच्या पेटीत गेली आणि पेटी पोटकुरीच्या खुर्चीवर बांधली गेली. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. लेम्पी दुकानाच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून उभी होती, विस्कॉन्सिनात, आणि हे तिच्या ध्यानात आलंय की नाही याबद्दल वेर्ना आणि डार्लीन कुजबुजत होत्या.

"आई," रूडी म्हणाला, "उद्या पहाटे झोपडीवर चल."

"सत्तर वर्षांत तिथे कुणी बाई आलेली नाही."

"आत्या येतेच की," रूडी म्हणाला.

लेम्पीने त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली, दोन्ही कान नीट झाकले, आणि पोटकुरीच्या पट्ट्यांवर चढली.

"ढकल मग," ती म्हणाली. "या बाजूला वळव. रात्रीचं जेवण तुझ्याकडे आहे."